जुगनूमॅन-२चा पहिला शुक्रवार

"दुसरा भाग म्हणजे दुप्पट," दत्तोपंत म्हणाले आणि आमरसाची वाटी दुसऱ्यांदा पुढे केली, जणू हा त्याचाच पुरावा. "पहिला जुगनूमॅन गांधारी टॉकीजला चार आठवडे चालला. दुसरा आठ चालणार. यात विचार करण्यासारखं काय आहे? शुक्रवारी बाराच्या खेळाला हाऊसफुल्लचा बोर्ड लागला नाही, तर देवव्रत, तुझ्या त्या कागदावर मी डोळे मिटून सही करतो."

तो कागद तीन दिवस जेवणाच्या टेबलावरच होता, लोणच्याच्या बरणीखाली. स्टँपपेपर असल्यामुळे त्याला तेलाचा डाग लागू नये म्हणून त्यावर एक जुनं पंचांग ठेवलं होतं आणि पंचांगावर बरणी. गांधारी टॉकीजचं गांधारी मंगल कार्यालय करायचं, असा त्याचा मजकूर. देवव्रत महाडच्या एमआयडीसीत विजेची कंत्राटं घ्यायचा, त्यामुळे कागद कसा मुद्देसूद होता. खुर्च्या काढायच्या, उतार भरून फरशी घालायची, पडद्याच्या जागी स्टेज, ऑपरेटरच्या केबिनमध्ये वधूपक्षाची खोली. दत्तोपंतांना सगळ्यात जास्त लागलं ते शेवटचं.

"डोळे मिटून नको," देवव्रत म्हणाला. "उघडे ठेवूनच करा. नाहीतर नंतर म्हणाल, दिसलं नव्हतं."

"आणि हाऊसफुल्ल म्हणजे चारशे बारा," चारुशीलाबाई म्हणाल्या. "खांबामागच्या बारा खुर्च्या धरून. मागे तुम्ही त्या सोडून बोर्ड लावला होतात."

"तिथून दिसत नाही काही."

"मग तिथली तिकिटं का विकता?"

चारुशीलाबाई मुलाच्या बाजूच्या होत्या, हे उघड होतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि चव्वेचाळीस वर्षांत एकाही शुक्रवारी नवरा दुपारच्या जेवणाला घरी आला नव्हता. दिवाळीतला शुक्रवार असो, श्राद्धाचा असो, पिक्चर बदलला म्हणजे माणूस टॉकीजवर. मंगल कार्यालय झालं तर निदान नवरा जेवणावळीत तरी सापडेल, असा त्यांचा हिशेब.

दत्तोपंतांच्या बाजूला सून होती. सई प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. मॅटिनीला रिकाम्या बाल्कनीत पंख्याखाली बसून ती वह्या तपासायची आणि सासरे तिला स्वतः चहा आणून द्यायचे. तिच्या मुलांची शुद्धलेखनं कित्येकदा तलवारबाजीच्या उजेडात तपासली गेली होती. आज मात्र ती सारखी वाढायलाच उठत होती. कुणी काही मागत नव्हतं तरी.

"आठ आठवडे कशावरून?" देवव्रतने विचारलं.

"हातांवरून."

दत्तोपंतांची ही पद्धत तालुक्यात माहीत होती. मुंबईचे डिस्ट्रिब्युटर कशावरून अंदाज बांधत असतील ते असो. दत्तोपंत हाडवैद्याकडे चौकशी करत. जुगनूमॅन म्हणजे पोटात उजेड असलेला माणूस. काजवा चावल्यामुळे तो असा झालेला. संकट आलं की त्याचं पोट पेटायचं आणि तो उंचावरून उडी टाकून हवेत तरंगायचा. दोन वर्षांपूर्वी पहिला भाग लागला तेव्हा महाडमध्ये अकरा हात आणि दोन घोटे मोडले आणि एक खांदा निखळला. पोरांनी बनियनच्या आत बॅटऱ्या खोचल्यामुळे बाजारातल्या बॅटऱ्या संपल्या, आणि लोडशेडिंगच्या दिवसांत निम्मं गाव अंधारात चाचपडत होतं. ज्या पिक्चरने एकही हात मोडला नाही तो दुसरा आठवडा बघत नाही, हे दत्तोपंतांचं शास्त्र.

"अकरा हात," ते म्हणाले. "एका हातामागे घरचे चार, शेजारचे सहा, शाळेतली पन्नास पोरं. सगळ्यांना तो पिक्चर पाठ. आता त्यांना दुसरा भाग बघायचाच आहे. मी तर बटाट्याची जास्तीची चार पोती सांगून ठेवली आहेत वड्यांसाठी."

सई पोळ्या आणायला आत गेली. पोळ्या टेबलावरच होत्या.

*

बुधवारी चार वाजता ॲडव्हान्स बुकिंगची खिडकी उघडली. गुरुवारी संध्याकाळी सहाला बंद केली तेव्हा नऊ तिकिटं गेली होती. त्यातली दोन हाडवैद्याने घेतली होती, ती कृतज्ञतेपोटी.

पोलादपूरहून झकेरिया आला होता. त्याचं तिथे पत्र्याचं टॉकीज. झकेरियाचे वडील आणि दत्तोपंतांचे वडील भागीदारीत एक प्रिंट आणायचे, एकाचा खेळ संपला की रिळं दुसऱ्याकडे पळवायचे. बाप गेले, प्रिंट तशीच राहिली. महाडला बाराचा खेळ, पोलादपूरला तीनचा. रिळं मोटरसायकलवरून. या दोन घरांत सगळंच निम्मं-निम्मं व्हायचं. आंब्याची पेटी आली तरी निम्मी, ईदला बोकड कापला तरी पंतांकडे निम्मे पेढे यायचे, कारण निम्मा बोकड पाठवता येत नव्हता.

"माझी सतरा गेली, पंत," झकेरिया टॉकीजच्या पायरीवर बसत म्हणाला. "तुमची नऊ. सव्वीस. एका एसटीत बसतील, वर कंडक्टरला जागा राहील."

"उद्या सकाळी येतील. पोरांच्या हातात पैसे शुक्रवारी येतात."

"राग मानू नका. पण दुसऱ्या भागाचं माझं मत वेगळं हाय. पहिल्या भागात हिरोला उडता येत नाय, मग येतं. माणूस ते बघायला येतो. दुसऱ्या भागात त्याला उडता येत असतंच. मग ते लोक काय करतात, त्याला पहिला तासभर रडवतात. बायको सोडून जाते, पोट पेटत नाय. आता पोट न पेटलेला माणूस बघायला पोलादपूरचा माणूस तिकीट कशाला काढील? तो घरीच हाय की."

देवव्रतला हसू आलं. तो जनरेटरचा पट्टा तपासायला म्हणून आला होता, पण खरं तर तिकिटांचा आकडा ऐकायला.

तेवढ्यात सई शाळेची पिशवी घेऊन पायऱ्या चढून आली. पिशवी अजून शाळेचीच होती, शाळा मात्र पंधरा दिवसांपूर्वीच सुटली होती. तिने एक कागद काढून सासऱ्यांच्या हातात दिला आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

दत्तोपंतांनी चष्मा लावला. कागदावर सुंदर, गोल, टपोऱ्या अक्षरांत लिहिलं होतं की, पालकांना कळवण्यात येते की मागील अनुभव लक्षात घेता जुगनूमॅन या चित्रपटाच्या दुसऱ्या भागास आपल्या पाल्यास नेऊ अथवा पाठवू नये. पालकांनी खाली सही करावी. सहीशिवाय निकालपत्रक मिळणार नाही.

"ही नोटीस निकालाआधीच सगळ्यांना वाटली," सई म्हणाली. "मग बाकीच्या तिन्ही शाळांनी आमच्याकडून नेली. म्हणजे तशी गावातल्या सगळ्याच पालकांनी सही केली आहे."

"अक्षर छान आहे," दत्तोपंत म्हणाले. "कुणाचं?"

सईने बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

"हेडबाई सांगत गेल्या, मी लिहीत गेले," ती मग म्हणाली. "माझं डोकं निकालाच्या बेरजेत होतं, बाबा. सत्तेचाळीस मुलांची टक्केवारी. सह्या होऊन कागद परत आले तेव्हा मी ते वाचलं."

आता देवव्रत मोकळेपणाने हसला. पाच-सहा दिवसांत त्याला पहिल्यांदाच इतकं बरं वाटलं होतं. "म्हणजे तुमच्या अकरा हातांनीच तुमचा पिक्चर पाडला, बाबा. आणि तुमच्याच सुनेच्या हाताने."

मागून चारुशीलाबाई दूध घेऊन घरी चालल्या होत्या. टॉकीज घराच्या वाटेवर होतं, किंवा घर टॉकीजच्या वाटेवर, कसंही म्हणा. त्या थांबल्या. नवरा कागद दुसऱ्यांदा वाचत होता आणि वाचताना त्याची मान जरा हलत होती, बाहेर तिकिटाला रांग नसली की हलायची तशी.

"हसतोस काय दात काढून?" त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, तू माझ्या बाजूची आहेस."

"कार्यालयाच्या बाबतीत. हसण्याच्या बाबतीत नाही." त्यांनी दुधाची बरणी पायरीवर ठेवली. "सई, बरणी घरी ने. मी जरा बसते इथे."

झकेरियाने सरकून जागा दिली. चौघंही रस्ता बघत बसले. दत्तोपंत मग म्हणाले, "उद्या बघू," आणि नोटीस घडी करून खिशात ठेवली, जणू सर्टिफिकेट मिळालं होतं.

*

शुक्रवारी अकरा वाजता श्रीपतने पेटीवर नारळ फोडला.

श्रीपत तीस वर्षं ऑपरेटर होता. पेटी गुरुवारी आली तरी शुक्रवारी नारळ फोडल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा दत्तोपंतांच्या वडिलांचा नियम. ते मूळचे भिक्षुक. भिक्षुकी सोडून त्यांनी टॉकीज काढलं, पण मुहूर्ताशिवाय काही उघडायची सवय सुटली नाही. श्रीपतने पाणी डोळ्यांना लावलं, पेटी उघडली आणि म्हणाला, "मालक, सात हायत."

"काय सात?"

"रिळं. एक ते सात. चौदा पाहिजेत. दुसरी पेटी कुठं हाय?"

"हापिसात असेल."

"हापिसात बटाटं हायत."

दुसरी पेटी पोलादपूरला होती. मुंबईहून पेट्या घेऊन येणारा टेंपो झकेरियाचा, त्यावर सहदेव नावाचा नवा ड्रायव्हर. आठवडाभर या दोन घरांत त्याने आंबे, फणस, पंख्यांची पाती, सगळं निम्मं-निम्मं पोचवलं होतं. पिक्चरही त्याने तसाच पोचवला. आणि भागीदारीतल्या या नियमामुळे दोन्हीकडे कुणी पेटी उघडून बघितली नाही.

दत्तोपंतांनी फोन लावला. झकेरियाकडेही नुकताच नारळ फुटला होता.

"माझ्याकडं आठ ते चौदा हायत," झकेरिया शांतपणे म्हणाला. "माझी तीनच्या खेळाची सतरा माणसं आत्तापासूनच येऊन बसलीत. आता आलीच हायत, तर मी बाराला हे उत्तरार्धच दाखवतो. सव्वा वाजता संपेल. मग पेटी घेऊन निघतो, पावणेदोनला तुमच्याकडं. तुम्ही साडेबाराला चालू केलंत तर तुमचं इंटरव्हल तेव्हाच ना?"

"अगदी तेव्हाच."

"मग झालं."

कागदावर हे इतकं नीट बसत होतं की दत्तोपंतांना हायसं वाटलं. नऊ प्रेक्षकांसाठी का होईना, पिक्चर पूर्ण होणार होता. देवव्रत पायरीवर उभा होता. त्याच्या शर्टाच्या खिशातून पंचांगाचा वास येणारा कागद डोकावत होता.

पावणेबाराला नाक्यावर गाड्या थांबायला लागल्या.

कशेडी घाटात सकाळी कंटेनर आडवा झाला होता. आधी पोलादपूरपर्यंत रांग लागली, मग पोलिसांनी महाडलाच गाड्या अडवायला सुरुवात केली. एसटी, ट्रक, मुंबईहून गावी निघालेली माणसं, आंब्यासाठी आलेले रिकामे टेंपो. मे महिना, डोक्यावर ऊन. नाक्यापासून गांधारी टॉकीज शंभर पावलं.

ही शंभर पावलं पहिल्यांदा चारुशीलाबाईंनी चालली. हातात पाण्याचा तांब्या. पुढच्याच गाडीत एक बाई लहान मुलाला वर्तमानपत्राने वारा घालत होती. चारुशीलाबाईंनी तिला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "तिकडे टॉकीजात पंखे आहेत. बत्तीस. बाल्कनीतले जरा आवाज करतात, पण फिरतात."

मग त्या दुसऱ्या गाडीकडे गेल्या.

त्या परत आल्या तेव्हा त्यांच्यामागे पन्नास-साठ माणसं होती आणि सई तिकिटाच्या खिडकीत जाऊन बसली होती. देवव्रतने आईला बाजूला घेतलं.

"आई, तू काय करते आहेस?"

"उन्हातली माणसं सावलीत आणते आहे."

"बारा ते सहा लोडशेडिंग आहे. पंखे फिरायचे नाहीत."

"तुझा जनरेटर आहे ना."

देवव्रतने जनरेटरकडे बघितलं. पिक्चरपुरता तो दोन पंखे आणि मशीन चालवायचा. बत्तीस पंखे चालवायचे तर मोठा जोड द्यावा लागणार, आणि तो जोड फक्त त्यालाच देता येत होता. म्हणजे स्वतःच्या कागदाविरुद्ध स्वतःच वायर जोडायची. वडील या वयात केबिनच्या एकतीस पायऱ्या दिवसातून चार वेळा चढतात, गेल्या श्रावणात दोनदा धडपडले, हे त्याने कागदात लिहिलं नव्हतं. लिहिण्यासारखं नव्हतं. पण कागद त्यासाठीच होता.

"डिझेल कमी आहे," तो म्हणाला.

आई तांब्या भरून घेऊन पुन्हा नाक्याकडे वळली.

"आणतो," तो म्हणाला.

साडेबाराला बत्तीसच्या बत्तीस पंखे फिरायला लागले. दोन लग्नाच्या गाड्या तोवर आत रिकाम्या झाल्या होत्या, चार एसट्या झाल्या होत्या. खांबामागच्या बारा खुर्च्यांत बारा ट्रकवाले बसले. त्यांना पडदा दिसत नव्हता, पण त्यांनी तो मागितलाही नव्हता, ते लगेच झोपले. देवव्रतने स्वतः मोजलं, रांग रांग करून, दोनदा.

"चारशे बारा," तो वडिलांना म्हणाला. "बोर्ड लावा."

दत्तोपंतांनी बोर्ड लावला. जरा मागे सरकून बघितलं. चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते आलं नाही.

*

पावणेदोनला इंटरव्हल झालं आणि झकेरिया आला नाही.

दोन वाजता आला नाही. सव्वादोनला त्याचा मोबाईल लागला. तो पोलादपूरपासून चार किलोमीटरवर होता. कंटाळून मागे फिरलेल्या गाड्यांनी महाडकडचा रस्ताही बुजवला होता. मोटरसायकलला वाट मिळत होती, पण पेटीला मिळत नव्हती.

"सतरा माणसांचं काय म्हणणं पडलं?" दत्तोपंतांनी विचारलं.

"आवडला. म्हणाले, सुरुवात नसली तरी काय अडत नाय."

पडद्यावर 'मध्यंतर' लिहिलेली काच लावलेली होती. ती अर्ध्या तासात तापून तडकली आणि 'मध्यं' एवढंच उरलं. चार पोती बटाट्यांचे वडे मात्र सुरळीत खपत होते. आणि तेव्हा काशीराम ऑफिसात आला. डोंबिवलीला राहणारा, खेडच्या बाजूचा माणूस, मुलीचा बाप, डोक्याला फेटा आणि फेट्याखाली रुमाल.

"शेठ, एक इचारू? तुमच्याकडं घड्याळ बरोबर हाय ना?"

"अडीच वाजलेत."

"तीन सत्तावीसचा मुहूर्त हाय." काशीराम खुर्चीवर बसला नाही. "भटजी गावाला बसलाय, मांडव गावाला हाय, जेवण गावाला शिजतंय. नवरा तुमच्या स्टॉलात आणि नवरी बाल्कनीत. मुहूर्त टळला तर पुढचा कार्तिकात. तोवर पोराकडची माणसं काय म्हणतील, नाय म्हणतील..."

"रस्ता उघडेल."

"पोलीस म्हणतात पाच."

देवव्रत दारात उभा होता. त्याला बोलायची गरज नव्हती. चारशे बारा माणसं बसलेली, पंखे फिरत होते, समोर पडद्यापुढे लाकडी चौथरा. त्याने कागदात जे जे लिहिलं होतं ते सगळं आयतं समोर होतं, फक्त उतार भरायचा राहिला होता.

"भटजी मिळेल का हितं कुणी?" काशीराम म्हणाला.

"मे महिना. सगळे कुठे ना कुठे उभे असतील," चारुशीलाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला येतं की."

"मला?"

"मामंजींनी तुम्हाला शिकवलं होतं. देवव्रतच्या मुंजीत गुरुजींच्या चुका काढत बसला होतात."

"चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं आहे."

"चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं लग्न अजून चालू आहे ना? मग."

दत्तोपंतांनी देवव्रतकडे बघितलं. "तू काही म्हणू नकोस," ते म्हणाले.

"मी कुठे काय म्हणतोय? मी सोवळं आणतो घरून."

*

मंगल कार्यालयात जे काही लागतं त्यातलं गांधारी टॉकीजमध्ये काहीच नव्हतं आणि सगळं सापडलं. पाट म्हणून रिळांच्या जुन्या पेट्यांची झाकणं आली. अक्षता होत्या, गाडीत. हारही होते, कोमेजलेले. अंतरपाट मात्र पुढे गेलेल्या टेंपोत होता आणि तो टेंपो घाटात. सईने इकडे तिकडे बघितलं आणि प्रवेशदारावरचा कापडी बॅनर सोडून आणला. 'जुगनूमॅन-२, भव्य शुभारंभ.'

"हा चालेल का?" तिने विचारलं.

"कापड आहे ना?" दत्तोपंत म्हणाले. "मग चालेल."

बॅनरची चित्राची बाजू नवरीकडे आली. लग्न चौथऱ्यावर लागत होतं, मागे पडद्यावर 'मध्यं', दोघांमध्ये पोट पेटलेला जुगनूमॅन. मंगलाष्टकं अकरा मिनिटं चालली. मधली दोन दत्तोपंतांना आठवेनात, तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका एसटी कंडक्टरने ती उभं राहून म्हटली आणि परत बसला. दत्तोपंतांचा आवाज आधी जरा कापत होता. मग कापायचा थांबला. शेवटच्या अष्टकाला तर त्यांनी अशी तान घेतली की बाल्कनीतले लोक पुढे वाकून बघायला लागले. सईला वाटलं, बाबा पिक्चर सुरू होताना दार बंद करायच्या आधी थिएटरभर नजर फिरवतात, तसेच आत्ता बघताहेत.

तीन सत्तावीसला चारशे बारा माणसांनी अक्षता टाकल्या. त्यातले तीनशे कुणाचेच कुणी नव्हते, पण त्यांनीही टाकल्या. ज्यांच्याकडे अक्षता नव्हत्या त्यांनी चिवडा टाकला.

नंतर दत्तोपंत आणि चारुशीलाबाई ऑफिसात बसले. बाहेर श्रीपत जनरेटरमध्ये दुसऱ्यांदा डिझेल ओतत होता. देवव्रतने खिशातला कागद काढला आणि वडिलांसमोर फाडायला घेतला.

"थांब," दत्तोपंत म्हणाले. "काय करतोस?"

"तुम्ही जिंकलात. चारशे बारा. मीच मोजलेत."

"ती माणसं पिक्चरला आली होती का?"

देवव्रतने आईकडे बघितलं.

"पंखा खायला आली होती," चारुशीलाबाई म्हणाल्या. "मी आणली होती ती."

"हो ना. नऊ माणसं आली होती पिक्चरला. बाकीचा अंदाज माझा चुकला." दत्तोपंतांनी कागद ओढून घेतला, चष्मा लावला आणि पहिल्यांदा तो पूर्ण वाचला. मग देवव्रतच्या खिशातलं पेन काढून त्यांनी एकेका मुद्द्यावर काट मारली. खुर्च्या राहणार. उतार राहणार, पाहुण्यांना मागूनही नवरी दिसते, हे आजच कळलं. ऑपरेटरची केबिन वधूपक्षाला मिळणार नाही. आणि खाली लिहिलं, 'शुक्रवार वगळून.'

"म्हणजे सहा दिवस लग्नं, एक दिवस पिक्चर?" देवव्रतने विचारलं.

"पिक्चर लागलेला असेल तेव्हा. नसेल तर शुक्रवारीही लावा म्हणा लग्न, मला काय. पण केबिनला हात लावायचा नाही."

"आणि एकतीस पायऱ्या?"

दत्तोपंतांनी मुलाकडे बघितलं. त्यांना बहुधा तेव्हा कळलं. "श्रीपतचा पोरगा चढेल," ते म्हणाले. "मी खाली अक्षता वाटीन."

"शुक्रवारी जेवायला घरी येणार का?" चारुशीलाबाईंनी विचारलं.

"वगळून लिहिलंय."

"मग मी इथे डबा आणीन," त्या म्हणाल्या आणि साक्षीदार म्हणून सही करायला सईला हाक मारली. सईने या वेळी सगळा कागद आधी दोनदा वाचला.

पावणेपाचला झकेरिया आला. मोटरसायकलवर तो, मागे सहदेव, सहदेवच्या मांडीवर पेटी आणि पेटीवर कुणीतरी दिलेलं कलिंगड. दोघांच्याही अंगावर रस्त्यातली धूळ. त्याने थिएटरात डोकावून बघितलं, चौथऱ्यावरच्या फुलांकडे बघितलं, अंतरपाटाकडे बघितलं.

"पंत," तो म्हणाला, "मी साडेतीन तास गाडीवर काढले. तुम्ही मध्ये लग्न लावलंत?"

"निम्मं श्रेय तुझं," दत्तोपंत म्हणाले. "तू वेळेवर आला असतास तर झालं नसतं."

नारळ पुन्हा फोडायचा का, असं श्रीपतने विचारलं. दत्तोपंत नको म्हणाले. बाल्कनीतली माणसं तोवर पाय मोकळे करायला खाली उतरली होती, तेव्हा सईने नवरा-नवरीला दोघांनाच वर नेऊन बसवलं. सकाळपासून त्यांना एकमेकांशी एक शब्द बोलायला मिळाला नव्हता. प्रत्येकी दोन वडे आणि दोघांत मिळून एक पाण्याची बाटली दिली, दार लोटून घेतलं. पाचला आठवं रीळ सुरू झालं. झकेरिया म्हणाला होता तसंच होतं, मध्यंतरानंतरही बराच वेळ जुगनूमॅनचं पोट पेटत नव्हतं.

पाच दहाला घाट मोकळा झाला. नाक्यावर हॉर्न वाजायला लागले आणि दहा मिनिटांत स्टॉल रिकामा झाला. ट्रकवाल्यांना श्रीपतने एकेकाला हलवून उठवलं. काशीरामने दत्तोपंतांच्या पाया पडून, झकेरियाला मिठी मारून, कलिंगड बरोबर घेऊन गाडी गाठली. लग्नाच्या दोन्ही गाड्या पाच पंचवीसला सुटल्या. नवरा-नवरी मागच्या गाडीत आहेत असं पुढच्या गाडीतल्यांना वाटलं, आणि पुढच्या गाडीत आहेत असं मागच्यांना. बाल्कनीचं दार लोटलेलंच होतं. साडेसातला खेडच्या पुढे गावात माप भरून उंबऱ्यावर ठेवलं, ओवाळायला ताट बाहेर आणलं, तेव्हा ते दोघं कुठल्याच गाडीतून उतरले नाहीत.